एजंट म्हणतो, हृदयाचं लिहू नका

प्रश्न : माझे मिस्टर ६८ वर्षांचे. हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत आणि हृदयाचं पम्पिंग ३५ टक्केच. लेक न्यू जर्सीत असते, तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं चार महिने जाणार आहोत. विम्याचा एजंट म्हणतो, "काकू, फॉर्ममध्ये हृदयाचं लिहू नका, पॉलिसी अडकेल. बीपी तेवढं टाका." काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सगळं लिहा. स्टेंट, पम्पिंग, चालू गोळ्या, सगळं. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात अनेक वर्षं काम केलं, त्यामुळे लपवलेलं कसं उघडं पडतं ते ठाऊक आहे. छातीत दुखलं आणि इमर्जन्सीत नेलं, की तिथले डॉक्टर आधी जुना आजार विचारतात. त्या वेळी तुम्ही स्वतःच सांगाल, "दोन स्टेंट आहेत, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल गोळी चालू आहे." सांगायलाच हवं, त्यावर उपचार ठरतात. ते केसपेपरवर येतं. क्लेम आला की आम्ही तो केसपेपर आणि पॉलिसी घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचायचो. फॉर्मवर हृदयविकारापुढे 'नाही' दिसलं, की तिथेच क्लेम नामंजूर व्हायचा. फॉर्म एजंटने भरलेला असे, पण सही प्रवाशाची. बिल आलं, की एजंट कुठेच नसतो.

आता दुसरी बाजू. खरं लिहिलं म्हणजे सगळा खर्च मिळेल, असंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत जुन्या आजाराचे उपचार वगळलेले असतात. काही कंपन्या जिवावर बेतलं तर धोका टळेपर्यंतचा खर्च देतात, तोही वेगळ्या मर्यादेत. पहिल्या पानावर एक लाख डॉलर छापलेले असतात, या कलमाचा आकडा आत कुठेतरी आणि पुष्कळ लहान असतो. तो एजंटकडून मेलवर लेखी मागा. तोंडी आश्वासन क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

लेकीला तिथल्या कंपन्यांचे व्हिजिटर प्लॅनही बघायला सांगा. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारे स्वस्त प्लॅन नकोत, अमेरिकेतल्या बिलापुढे ते पुरत नाहीत. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष बिलाचा मोठा वाटा देणारा प्लॅन घ्या, आणि त्यात 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' हे कलम शब्द न् शब्द वाचा. जुना आजार अचानक, काही पूर्वसूचना न देता उलटला आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच ते लागू होतं. पायांवर हळूहळू सूज चढली, चार दिवस दम लागत राहिला आणि मग दाखल केलं, तर ते यात बसत नाही. पम्पिंग कमी असलेल्या माणसाला नेमका असाच त्रास होण्याची शक्यता जास्त, म्हणून हे ठळकपणे सांगते. तशी वेळ आलीच तर पैशांपायी थांबू नका. १९८६ च्या कायद्यामुळे तिथली इमर्जन्सी विमा नाही म्हणून रुग्णाला तपासल्याशिवाय परत पाठवू शकत नाही. बिल मात्र नंतर येतंच.

विमा काढण्याआधी कार्डिऑलॉजिस्टला स्पष्ट विचारा आणि प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र घ्या. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेलात तर कुठलीच पॉलिसी उभी राहत नाही. ते का-कू करत असतील, तर माझं मत असं, की बाळंतपणाला तुम्ही एकट्या जा आणि यजमानांजवळ खात्रीचं माणूस ठेवा. होकार मिळाला तरी त्यांच्यासाठी चार महिने मला जास्त वाटतात, सहा आठवडे पुष्कळ झाले.

दोघांच्या पॉलिसी वेगवेगळ्या काढा. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, कारण जुन्या आजारामुळे बेत रद्द झाला तर विम्यातून तिकिटाचे पैसे सहसा मिळत नाहीत. गोळ्या पूर्ण मुदतीच्या, मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा. आणि पॉलिसीवरचा मदतीचा नंबर जावयाच्याही फोनमध्ये असू द्या. दाखल केल्यावर लवकरात लवकर तिथे कळवावं लागतं, आणि त्या धावपळीत ते तुमच्याकडून होईलच असं नाही.