गुरुवारी सही करायला जाऊ नका

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. म्हणून वर्कशॉप उघडायच्या आधी हे लिहून टाकतोय.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. रस्त्यात गेलेल्या जमिनीची वाढीव भरपाई कोर्टातून यांच्या वकिलांनी उचलली, त्यातले ४,८०,००० रुपये अजून यांच्या हातात नाहीत. पोलिसांत अर्ज दिला तर तीन वेळा बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, एफआयआर नाही. मध्येच एका यूट्यूब चॅनेलने यांच्या ६८ वर्षांच्या आईचा फोटो लावून 'वकिलाला ब्लॅकमेल करणारं कुटुंब' अशी बातमी चालवली. आता ठाण्यातून फोन आलाय, गुरुवारी आईला घेऊन या, दोघं सही करा, अर्ज निकाली काढतो. यांचा प्रश्न: सही करू का, आणि आपणही व्हिडिओ टाकू का?

सही करू नका. व्हिडिओही टाकू नका.

मी वकील नाही, बेळगावच्या उद्यमबागेत लेथ चालवणारा माणूस आहे. कलमांचे आकडे लिहिलेत ते माझ्या प्रकरणात आणि नंतर दोन-तीन ओळखीच्यांच्या प्रकरणात उपयोगी पडले म्हणून. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आलाय, त्यामुळे आकडे एकदा चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या. आणि हो, चांगले वकील आहेत. माझे पैसे एका वकिलांनी अडकवले आणि दुसऱ्या वकिलांनीच सोडवले, हे विसरलेलो नाही.

माझं प्रकरण २०१७ चं. आमच्या वडिलांच्या जमिनीची वाढीव भरपाई, तोच प्रकार, रक्कम तुमच्यापेक्षा थोडी कमी. अर्ज दिला, त्याची 'अर्जी विचारणे' सुरू झाली. एफआयआर न करता चालणारी ही चौकशी आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही. चौथ्या वेळी बोलावलं तेव्हा टेबलावर दीड पानाचा कागद लिहून तयार होता. जमादारांनी विचारलं, कन्नड येतं ना? मी म्हटलं, येतं की.

माझं सगळ्यात मोठं चुकलं ते इथे. मला कन्नड येतं म्हणजे बोलता येतं. कामगारांशी, बाजारात, बसमध्ये आयुष्यभर बोलत आलोय. वाचता येत नाही. माझी शाळा मराठी, आणि पुढे कधी गरज पडली नाही. पण त्या खुर्चीत बसून 'वाचता येत नाही' म्हणायला मला कमीपणा वाटला. जमादारांनी कागद हातात धरून वाचून दाखवला. मी ऐकलं ते असं: वकिलांना बोलावून समज दिली, ते एका महिन्यात पैसे देतो म्हणालेत, तोपर्यंत अर्ज थांबवतो. मला बरं वाटलं. सही केली. शेवटच्या ओळीखाली माझी सही, आणि ती ओळ होती 'ओदिसि केळिदेनु, सरि इदे'. वाचून घेऊन ऐकलं, बरोबर आहे. प्रत मागितली तर उद्या या म्हणाले. मी उद्या गेलो नाही, एका कास्टिंगची डिलिव्हरी होती.

पुढच्याच महिन्यात एका स्थानिक दैनिकात चार ओळी आल्या, वकिलावरील आरोप तक्रारदाराकडून मागे. माझं नाव, गावाचं नाव. मला वाटलं बातमीदाराने चुकीचं ऐकलं असेल. वकिलांची वर्तणूक तपासणाऱ्या कार्यालयाकडे मी आधीच तक्रार पाठवलेली होती. तिथून काही महिन्यांनी एका परिच्छेदाचं पत्र आलं, की पोलिसांच्या कागदानुसार अर्जदाराचं स्वतःचंच म्हणणं आहे की वाद आपसात मिटला आहे, सबब पुढे काही करण्याचं कारण दिसत नाही.

माहिती अधिकारात त्या कागदाची प्रत मिळवली आणि डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) आवारात अर्ज टाइप करून देणाऱ्या एका कन्नड माणसाकडे नेली. त्याने मशीनवरून हात काढून कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, 'अहो, तुम्ही तर पैसे मिळाले, गैरसमजातून अर्ज दिला होता, म्हणून लिहून दिलंय की ओ.' ते वाचून सांगायचे त्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

म्हणजे पोलिसांचा कागद बघून पेपरने छापलं आणि त्याच कागदावर शिस्तीच्या कार्यालयाने फाइल बंद केली. तिघांपैकी एकानेही मला विचारलं नाही, पैसे खरंच मिळाले का? मी तीन दारांवर डोकं आपटत होतो, पण तिन्ही दारांना कुलूप एकच होतं, आणि त्याची किल्ली मी स्वतः लिहून दिली होती. तुमच्या गुरुवारच्या सहीला मी एवढा भितोय तो यासाठी.

आता तुम्ही काय करायचं.

आईंना ठाण्यात नेऊच नका. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर लेखी आदेश लागतो, आणि कुठल्याही बाईला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे, जुन्या कायद्यात १६० होतं. बाईंना काही विचारायचं असेल तर घरी या, एवढंच नम्रपणे सांगा. फोन म्हणजे नोटीस नव्हे.

बुधवारच्या आत एक पत्र लिहा, मराठीत. ठाण्याला आणि एक प्रत जिल्ह्याच्या एसपींना, म्हणजे पोलीस अधीक्षकांना. बेळगाव शहरातलं ठाणं असतं तर पोलीस आयुक्तांना. मजकूर चार ओळींचा: पैसे मिळालेले नाहीत, अर्ज मागे घेतलेला नाही, कन्नड वाचता येत नसल्यामुळे न समजलेल्या कागदावर सही करणार नाही, विश्वासघाताचा गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मोफत द्यावी. मराठीत चालेल का असं मलाही वाटलं होतं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. तो भाषेसाठी परत करता येत नाही. पाठवताना स्पीड पोस्टने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय. पोचल्याचा पुरावा मागून घ्या आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, त्या पावतीची शाई सहा महिन्यांत उडते.

एसपींना पाठवलेली ती प्रत फार महत्त्वाची, ती शोभेची नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात तो, दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नव्या संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौकशी करायची मुभा आहे, पण डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने आणि १४ दिवसांत. तुमची अर्जी विचारणे दोन महिने चालली आहे. ठाण्याने घेतलं नाही तर एसपी (कलम १७३(४)), त्यांनीही केलं नाही तर मॅजिस्ट्रेट (कलम १७५(३)), शपथपत्रासह. एसपींची पायरी चुकवली तर कोर्टात पहिला आक्षेप तोच येतो. थेट धारवाडच्या हायकोर्टाच्या खंडपीठात जा असं कोणी सांगेल, आत्ताच जाऊ नका. आधी मॅजिस्ट्रेटकडे जा, असंच सुप्रीम कोर्टही २००८ पासून सांगत आलंय.

त्यांनी 'हिंबरह' दिला, म्हणजे अर्ज निकाली काढल्याचा शेरा, तर घ्या. घेतल्याची सही करावी लागली तर त्यावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा, 'फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', खाली तारीख आणि वेळ. एवढं एक वाक्य मी २०१७ मध्ये लिहिलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. समजा एफआयआर होऊन पुढे 'बी रिपोर्ट', म्हणजे केस बंद करा असा पोलिसांचा अहवाल, लावला, तरी तो स्वीकारण्याआधी कोर्टाला तुम्हाला नोटीस द्यावी लागते आणि विरोध नोंदवता येतो. ती नोटीस कन्नडमध्ये येईल, म्हणून सांगतोय, घरात ठेवून देऊ नका.

तुम्हाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं त्या तिन्ही तारखा लिहून ठेवा आणि त्या दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी मागणी त्याच पत्रात करा. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या आदेशाप्रमाणे ठाण्यातलं फुटेज १८ महिने, आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायचं आहे. माझ्या वेळी हे नव्हतं. मी किती तास बसलो हे सांगायला माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एक जागा सांभाळा. तो मात्र मराठीत करू नका. त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलंय. हिंदीत लिहा. शिवाय कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. माझा पहिला अर्ज तीन पानांचा होता, तो परत आला आणि त्यात दीड महिना गेला. राग आला की माणूस लांब लिहितो.

वकिलांविरुद्धची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे जाते, वर सांगितलेलं वकिलांची वर्तणूक तपासणारं कार्यालय ते हेच. एका वर्षात निकाल लागायला हवा, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. माझं मत विचाराल तर नुसतं 'फसवलं, लुबाडलं' लिहू नका, हिशेब मागा. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं हे वकिलावर बंधनकारक आहे. आधी लेखी हिशेब मागायचा, त्याला उत्तर नाही हे दाखवायचं, मग तक्रार. मी आरोपांची आठ पानं पाठवली होती आणि हिशेब एकदाही लेखी मागितला नव्हता. ते म्हणाले असतील की फी बाकी आहे म्हणून फाइल देत नाही, तर तेही चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केलंय की फीसाठी अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत.

आता त्या चॅनेलचं. तुमचा संताप मला कळतो, आईचा फोटो लावलाय. पण तुम्ही व्हिडिओ टाकलात की उद्या वकील तुमच्यावर बदनामीची फिर्याद करतील आणि मूळ पैशांचा प्रश्न बाजूला पडेल. व्हिडिओ आहे तसा डाउनलोड करून ठेवा, लिंक, तारीख, वेळ लिहा, मग चॅनेलला लेखी कळवा की हे खोटं आहे, काढा. उत्तर येवो न येवो. छापील दैनिकात आलं असतं तर प्रेस कौन्सिलकडे दोन महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि त्याआधी संपादकाला पत्र. मी संपादक माणूस बरा आहे, दुरुस्ती छापेल, या आशेवर बसलो. गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, 'आम्ही पोलिसांचा कागद बघून छापलं' म्हणाले, आणि तोवर प्रेस कौन्सिलची मुदत उलटून गेली होती. बदनामीच्या नुकसानभरपाईचा दावा एका वर्षात करावा लागतो, तेवढा जीव माझ्यात राहिला नव्हता. ती दुरुस्ती आजपर्यंत छापून आलेली नाही. माझ्या बहिणीच्या सासरी अजून कोणीतरी त्या चार ओळींचा विषय काढतं.

तुमच्या पोस्टखाली काहींनी लिहिलंय की मराठी म्हणून असं केलं. सीमाभागात पोलिसांचं नाव निघालं की जुलै २०१४ चं बेळगावजवळचं यळ्ळूर डोळ्यांसमोर येतं, तिथला 'महाराष्ट्र राज्य' असा फलक काढल्यानंतर लोकांना झालेली मारहाण आम्ही जवळून पाहिली आहे. ती जखम खोटी नाही. पण माझा तो कागद लिहिणारे जमादार घरी मराठी बोलणारे होते, आणि तो वाचून मला सावध करणारा टायपिस्ट कन्नड होता. एक हेडकॉन्स्टेबलही होते, त्यांनी मला बाहेर झाडाखाली नेऊन सांगितलं, 'इथे पुन्हा पुन्हा येऊ नका, वरच्या साहेबांना पोस्टाने पाठवा.' म्हणून तुमच्या अर्जात भाषेचा मुद्दा फक्त एवढाच ठेवा, की मला वाचता येत नाही ते मला मराठीत समजावून द्या. तो हक्क म्हणून मागा, भांडण म्हणून नको.

माझ्या प्रकरणात शेवटी मॅजिस्ट्रेट कोर्टात खासगी फिर्याद, म्हणजे पोलिसांऐवजी थेट कोर्टात तक्रार, केली. त्या कागदाबद्दल मला तासभर प्रश्न विचारले. सही तुमचीच ना? माझीच. खाली लिहिलंय ना, वाचून ऐकलं? लिहिलंय. दुसऱ्या वकिलांनी बँकेचं पासबुक दाखवून पैसे आलेच नाहीत हे सिद्ध केलं, तेव्हा कुठे समोरची बाजू तडजोडीला आली. मुद्दल मिळालं, व्याज नाही. तेव्हा तुम्हीही पासबुकाच्या त्या काळातल्या सगळ्या पानांवर बँकेचा शिक्का मारून आजच घ्या. नंतर जुनं स्टेटमेंट काढायला बँका फार फिरवतात.

पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, माझी जुनी प्रत आहे, नावं खोडून इथेच टाकतो. कन्नड वाचणारं कोणी जवळ नसेल तर जो कागद पुढे येईल त्यातली माणसांची नावं झाकून फोटो टाका, इथे वाचून सांगणारे चार-पाच जण आहेत. आणि बुधवारी पोस्टाची पावती मिळाली की एवढं कळवा, मी वाट बघतोय.