ॲक्रिलिकने रंगवलेल्या मावळ्यांच्या इंचभर मूर्तींवर ग्लॉस (चकचकीत) वॉर्निश लावू की मॅट (बिनचमकीचं)?

मुलं हाताळणार असतील तर दोन्ही लावा. आधी ग्लॉसचे दोन पातळ हात, ते पूर्ण वाळले की वरून मॅटचा एक. ग्लॉसचा थर जास्त टणक असतो, पण नुसता ठेवला तर एवढ्याशा चेहऱ्यावर उजेड चमकतो आणि जीव ओतून काढलेल्या सावल्या दिसतच नाहीत. तलवारीच्या पात्यावर मात्र शेवटी ग्लॉस हवाच!

मॅटची बाटली भरपूर हलवा. चमक मोडणारी पूड तळाशी बसते, मग पांढरट डाग पडतात.

स्प्रे असेल तर आपल्या मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी नकोच. फवारा हवेतच वाळतो, अंगावर खरखरीत कण बसतात. पावसाळी दमट हवेत पांढुरकी झाक येते. मी लातुरात उन्हाळाभर ब्रशनेच लावते, तेही सकाळी लवकर.