सागवानी कपाटावर रंग फासायच्या आधी

कपाट सागवानी असेल तर त्यावर ऑइलपेंट फासायची घाई करू नका, पुढे तो खरवडताना जीव जातो. दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर घासून बघा. बोळा तपकिरी झाला आणि लाकूड चिकट लागलं, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश. ते स्पिरिटने सुटतं. काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असलं कृत्रिम पॉलिश असणार, मग घासाईला पर्याय नाही.

घासताना 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, शेवटी 220. हात कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा. आडवे ओरखडे आत्ता दिसत नाहीत, पॉलिश चढलं की मात्र उठून दिसतात. वरती नुसतं व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असेल तर फार जपून, ते अगदी पातळ असतं आणि कडेला पटकन उडतं.

साधं लाकूड असेल तर खुशाल रंगवा. बिजागऱ्या काढा, भेगांत लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर मारा, मग इनॅमलचे दोन पातळ हात. जाड हात ओघळतो.

आधीचाच रंग जुना असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. वॉटरपेपर ओला करून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

आणि चपड्याचं पॉलिश पावसाळ्यात नकोच. दमट हवेत ते पांढरट पडतं. दिवाळीनंतर काढा हे काम.