वाचकांचे प्रश्न : ओमानाइटचा शंख, पाऊस आणि देवघरातला शाळिग्राम

ओमानाइटबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओमानाइट हा पोकेमॉनच्या अगदी पहिल्या, १९९६ साली जपानमध्ये आलेल्या गेमपासूनचा प्राचीन समुद्री जीव. गोल वेटोळ्याचा शंख, १० हात, उंची ०.४ मीटर, वजन ७.५ किलो. टाइप दोन : दगड आणि पाणी. पोकेडेक्समध्ये (गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात) क्रमांक १३८. तो रानात सहजासहजी भेटत नाही, फॉसिलमधून (जीवाश्मातून) जिवंत करून घ्यावा लागतो.

प्रश्न : पोकेमॉन रेड खेळतोय. सुरुवातीला आग टाइपचा चारमँडर घेतला. माऊंट मूनमध्ये हेलिक्स फॉसिल घ्यावं की डोम? – सांगली

हेलिक्स घ्या. माऊंट मूनच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर जो सुपर नर्ड नावाचा प्रतिस्पर्धी अडवतो (ग्राइमर, व्होल्टॉर्ब आणि कॉफिंग, तिन्ही लेव्हल १२), त्याला हरवलं की दोनपैकी एकच उचलता येतं, दुसरं तो घेऊन जातो. डोममधून काबुटो मिळतो, हेलिक्समधून ओमानाइट. पुढे काबुटोचा काबुटॉप्स होतो आणि ओमानाइटचा ओमस्टार. काबुटॉप्सचा अटॅक ११५ आणि स्पेशल ७०, तर ओमस्टारचा अटॅक ६० आणि स्पेशल ११५. पहिल्या पिढीत (रेडच्या वेळच्या गेममध्ये) पाण्याच्या सगळ्या मूव्हचा (वारांचा) मार ‘स्पेशल’वर ठरतो, शिवाय स्पेशलचा मार सोसणंही याच एका आकड्यावर. सर्फ (पाण्यावरून नेणारी मूव्ह) तुम्हाला वाट काढायला शिकवावा लागणारच आहे. तोच सर्फ ओमस्टारच्या हातून काबुटॉप्सपेक्षा खूप जोरात बसतो. उलट तुमच्याकडे पाणी टाइपचा स्क्विर्टल असता तर पाण्याची जागा आधीच भरली असती. तेव्हा वेग ८०, स्लॅश आणि स्वॉर्ड्स डान्स यांसाठी काबुटॉप्स घ्या म्हटलं असतं.

फॉसिल विकता किंवा टाकून देता येत नाही आणि बॅगेत फक्त २० जागा असतात. फॉसिल जिवंत करणारी लॅब सिन्नाबार बेटावर आहे, तिथवर पोचायला वेळ आहे, म्हणून ते पीसीत (गेममधल्या साठवणीच्या संगणकात) ठेवून द्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर हजारो लोक एकाच वेळी बटणं दाबून रेड खेळत होते. त्या गोंधळात बॅगेतलं हेलिक्स पुन्हा पुन्हा निवडलं जायचं आणि प्रेक्षकांनी त्याला गमतीनं देवच करून टाकलं. टाकता न येणारी वस्तू असल्यामुळेच ते लॅबमध्ये जिवंत होईपर्यंत टिकलं.

प्रश्न : सिन्नाबारच्या लॅबमध्ये फॉसिल दिलं. शास्त्रज्ञ म्हणतो, फिरून या. अर्धा तास खोलीत उभा आहे, काहीच होत नाही. – अकोला

घड्याळाचा इथे संबंधच नाही. खोलीतून बाहेर पडून लॅबच्या कॉरिडॉरमध्ये थांबलात तरी उपयोग नाही. इमारतीच्या बाहेर, बेटाच्या मोकळ्या जागेवर पाऊल पडलं पाहिजे. पाऊल टाका, लगेच मागे वळा, त्याच खोलीत जा. ओमानाइट तयार असतो.

तरी मिळाला नाही तर बॉक्स तपासा. पार्टीत (सोबतच्या संघात) ६ असतील तर तो पीसीच्या चालू बॉक्समध्ये जातो. त्या बॉक्समध्ये २० झाले असतील तर पहिल्या पिढीतला गेम आपण होऊन पुढच्या बॉक्सकडे जात नाही. पीसी उघडून बॉक्स बदला (त्या वेळी गेम सेव्हही होतो) आणि पुन्हा लॅबमध्ये या. फॉसिल हरवत नाही, काळजी करू नका.

प्रश्न : भावाला रेडमध्ये लेव्हल ३० चा ओमानाइट मिळाला, मला फायररेडमध्ये (रेडच्या नव्या आवृत्तीत) लेव्हल ५ चा. माझं काही चुकलं का? आणि ओमस्टार होऊ द्यायचा की बी दाबून थांबवायचा? – ठाणे

काही चुकलं नाही, दोन्ही गेमचा हिशोब वेगळा आहे. रेडमध्ये तो ३० ला येतो, फायररेडमध्ये ५ ला. त्याला एक्स्प. शेअर (न लढताही अनुभव देणारी वस्तू) द्या, सर्फ शिकवा आणि आग व दगड टाइपच्या पोकेमॉनवर वापरा. आगीचा मार त्याला फक्त पाव लागतो, त्यामुळे सिन्नाबारच्याच ब्लेनच्या आग टाइपच्या जिममध्ये तो उपयोगी पडतो. मात्र लेव्हल ५ चा थेट तिथे उभा करू नका.

इव्हॉल्व्ह लेव्हल ४० ला होतो. अडवू नका. रेडमध्ये ओमानाइट हायड्रो पंप ५३ ला शिकतो, ओमस्टार ४९ ला. म्हणजे बी दाबून चार लेव्हलचा तोटाच. तोवर सर्फ पुरेसा आहे. हायड्रो पंपची ताकद १२० असली तरी अचूकता ८० टक्के, म्हणजे सरासरी पाचातला एक वार फुकट जातो.

दुसरी मूव्ह आइस बीमच शिकवा. रेडमध्ये सेलाडॉनच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर तहानलेली मुलगी आहे. तिथल्याच मशीनमधून फ्रेश वॉटर घेऊन तिला द्या, टीएम १३ (आइस बीम शिकवणारी वस्तू) मिळतो. सोडा पॉप किंवा लेमोनेड दिलं तर ती दुसरा टीएम देते, घाईत चूक इथेच होते. शेवटी लढाव्या लागणाऱ्या लान्सच्या ड्रॅगोनाइटवर आइस बीम चौपट बसतो.

फायररेडमध्ये दगडाच्या मूव्ह शिकवायचा मोह टाळा. तिसऱ्या पिढीपर्यंत (फायररेड त्यातलाच) दगड टाइपची प्रत्येक मूव्ह अटॅकवर मोजली जायची आणि ओमस्टारचा अटॅक ६० आहे.

प्रश्न : ओमस्टारचा डिफेन्स १२५ आहे म्हणून पुढे उभा करतो, तरी एका फटक्यात पडतो. असं का? – कोल्हापूर

कारण तो भिंत नाही. शंख बघून सगळे फसतात. एचपी (जीव) ७०, स्पेशल डिफेन्स ७० आणि वेग ५५, त्यात दगड आणि पाणी दोन्ही गवताला कमजोर, म्हणून गवताचा मार चौपट. वीज, फायटिंग आणि ग्राउंड दुप्पट. त्याच्यातला खरा आकडा स्पेशल अटॅक ११५. अडचण एकच, वेगाची, आणि ती सोडवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पाऊस. स्विफ्ट स्विम क्षमता (पावसात वेग दुप्पट) असलेला ओमस्टार घ्या. लेव्हल १०० ला वेगात २५२ ईव्ही (सरावाचे गुण), ३१ आयव्ही (जन्मजात गुण) आणि मॉडेस्ट स्वभाव (स्पेशल अटॅक वाढवणारा) धरला तर वेग २०९ येतो, पावसात ४१८. बेस वेग १३० असलेला, वेगाला पोषक स्वभावाचा पोकेमॉन ३९४ ला थांबतो. म्हणजे पावसात ओमस्टार त्यालाही मागे टाकतो, वर पाण्याच्या मूव्हला पावसाची दीडपट मिळते ती वेगळी.

पाऊस पॉलिटोड किंवा (सातव्या पिढीपासून) पेलिपरच्या ड्रिझल क्षमतेने (आत येताच पाऊस सुरू होतो) आणा. सहाव्या पिढीपासून हा पाऊस ५ टर्नच टिकतो. डॅम्प रॉक ही वस्तू दिली तर ८. इथेच बहुतेकांची गाडी अडते : पॉलिटोड दोन-तीन टर्न लढवत बसतात आणि ओमस्टार येतो तेव्हा आभाळ मोकळं व्हायला आलेलं असतं. पाऊस आणला की पुढच्याच संधीला ओमस्टार आत घ्या. समोरून टायरानिटार आला तर त्याच्या सँड स्ट्रीममुळे (वाळूचं वादळ आणणारी क्षमता) पाऊस पुसला जातो आणि वेग पुन्हा २०९.

दुसरा मार्ग शेल स्मॅश, पाचव्या पिढीपासून. डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स एकेक पायरी खाली, अटॅक, स्पेशल अटॅक आणि वेग दोन-दोन पायऱ्या वर, म्हणजे दुप्पट. एका मूव्हमध्ये स्पेशल अटॅक ३६१ वरून ७२२ होतो. पण ती मूव्ह वापरायला एक टर्न जातो आणि त्या टर्नला समोरून बसलेला फटका त्याला पाडतो. म्हणून फोकस सॅश ही वस्तू द्या : एचपी पूर्ण असेल तर एक मार सोसून १ वर टिकतो. सॅश तीन कारणांनी निकामी होते. आत येतानाच स्टेल्थ रॉकचा (समोरच्याने आधी पसरलेल्या टोकदार दगडांचा) ओरखडा, गारपीट, किंवा बुलेट सीडसारखी एका टर्नमध्ये अनेकदा लागणारी मूव्ह. बुलेट सीड तर गवताची, तिच्यासमोर सॅश असूनही ओमस्टार वाचत नाही. समोरच्याकडे अशा गोष्टी नसतील तर सॅशऐवजी व्हाइट हर्ब चालते, ती घसरलेले दोन्ही डिफेन्स जागेवर आणते.

मूव्ह या चार : शेल स्मॅश, सर्फ (किंवा हायड्रो पंप), आइस बीम, अर्थ पॉवर. शेवटची स्टील आणि वीज टाइपसाठी. फेरोथॉर्न आणि गॅस्ट्रोडॉन समोर असतील तर बाहेर काढा. पहिल्यावर पाणी अर्धंच लागतं आणि त्याचा पॉवर व्हिप चौपट बसतो. दुसऱ्याची स्टॉर्म ड्रेन क्षमता पाण्याची मूव्ह गिळून उलट त्यालाच बळ देते. आणि ब्रेलूमच्या मॅक पंचला वेगाचं गणित लागूच होत नाही, तो आधीच येतो.

प्रश्न : पोकेमॉन गोमध्ये ओमस्टार करायला किती कँडी? – बेळगाव

५०. पाऊस असताना पाणी टाइपला आणि अंशतः ढगाळ हवेत दगड टाइपला हवामानाचा फायदा मिळतो.

प्रश्न : आमच्या देवघरात सासूबाईंच्या माहेरचा शाळिग्राम आहे. मुलगा म्हणतो, हा ओमानाइटच. खरं आहे का? – सातारा

त्याचं निरीक्षण पक्कं आहे. ओमानाइट ज्याच्यावरून घेतला तो अमोनाइट हा नामशेष झालेला शंखधारी समुद्री प्राणी, आणि शाळिग्राम म्हणजे बहुधा अमोनाइटचाच जीवाश्म किंवा त्याचा ठसा. नेपाळमधल्या काली गंडकी नदीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या परिसरात तो शेल नावाच्या काळ्या गाळखडकाच्या गोट्यांमध्ये सापडतो. हिमालय उठण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता आणि हे प्राणी ज्युरासिक काळात त्या समुद्रात राहत होते. शाळिग्रामातलं चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलं अशी परंपरा आहे. जीवाश्मशास्त्राच्या नजरेने बघितलं तर ते शंखाचं वेटोळं आहे.

मुलाला जवळून दाखवा. खिडकीपाशी धरून टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरा. मधल्या बिंदूपासून बाहेर सुटणारं वेटोळं दिसेल आणि त्यावर आतून बाहेर जाणाऱ्या बारीक वरंब्यांची सावली पडेल. कुठे सोनेरी चमक दिसली तर ती बहुधा पायराइटची, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाची. सगळ्याच शाळिग्रामांत वेटोळं बाहेरून दिसत नाही. आत काय आहे ते बघायला तो फोडू मात्र नका.

एक फरक मुलाला जरूर सांगा. पोकेडेक्स म्हणतो की शंख फार मोठा आणि जड झाल्यामुळे ओमस्टारला भक्ष्य पकडता येईना आणि तो नामशेष झाला. खऱ्या अमोनाइटला शंखाचं ओझं असं नव्हतं. शंखात पडद्यांनी पाडलेले कप्पे होते, प्राणी राहायचा फक्त शेवटच्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांतलं पाणी एका बारीक नळीतून शोषलं जाऊन तिथे वायू भरायचा आणि शंख तरंगायला मदत करायचा. ओमस्टार १ मीटरचा, पण जर्मनीत १८९५ साली सापडलेल्या पॅरापुझोसिया या अमोनाइटच्या शंखाचा व्यास सुमारे १.८ मीटर आहे. अमोनाइट संपले ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच संकटात.

प्रश्न : मग सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर अमोनाइट सापडेल का? – पुणे

नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा बेसॉल्ट आहे, समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ नाही. त्यातल्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, शंख नाही. अमोनाइटसाठी गुजरातेतलं कच्छ, मध्य प्रदेशात नर्मदा खोऱ्यातले बाघ परिसरातले थर किंवा तामिळनाडूतला अरियलूरचा भाग. तिथे जाल तेव्हा उचलून आणू नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो, आणि कोणत्या थरात दिसला ते लिहून ठेवा. थराची नोंद नसलेल्या शंखाचं वय नुसत्या फोटोवरून ठरवणं फार कठीण जातं.