हात थरथरतात? थरथरू द्या

चारचौघांत बोलताना आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते, असं अनेकांना वाटतं. तेवढी दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग आहे. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी पाहिलंच असेल, असं त्यांना वाटलं; प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं.

सगळ्यात आधी वेग आवरा. भीती वाटली की आपण भराभर बोलतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. पहिल्या शब्दाआधी श्वास पूर्ण सोडा. वाक्य संपलं की थांबा. 'म्हणजे, मला आपलं वाटलं' असली शेपटं जोडू नका. मला हे जमायला बरेच महिने लागले, आणि अजूनही कधीतरी शेपूट निघतंच.

आत्मविश्वास वाढावा म्हणून छाती काढून दोन मिनिटं उभं राहायची युक्ती कुणी सांगेल. ही युक्ती ज्या २०१० च्या संशोधनातून आली, त्यातल्या संशोधक डॅना कार्नी यांनीच २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. सोडून द्या.

लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा, याचं गणित मात्र वेगळं. तिथे रुबाब कामाला येत नाही. 'मला माहीत नाही, उद्या चारपर्यंत सांगतो' म्हणा, आणि साडेतीनला सांगा. उत्तर मिळालं नसेल तरी कळवा. आणि गैरहजर माणसाची टिंगल चालली असेल तर त्यात पडू नका. ऐकणारा लगेच मनात म्हणतो, माझ्यामागेही हा असंच बोलत असणार.