आयसीयूतल्या सिस्टरला सगळ्यात जास्त ताण कशाचा येतो?

धाकट्या बहिणीला आयसीयूत पोस्टिंग मिळालंय, रोज मरण बघून तिचं कसं होणार, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं आयसीयूत आहे. मरणाची सवय होते असं नाही म्हणणार, पण त्यासाठी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडून मोकळं होता येतं. झोप उडवतं ते वेगळंच.

एक रात्र सांगते. तीन वाजलेले. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव धोक्यात आलेला पेशंट, व्हेंटिलेटरवर, बीपी टिकवून धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप चालू. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ. ते ६१ झालं, मग ५८. डोस वाढवायला हवा हे मला दिसतंय, बोट पंपाच्या बटणापाशी आहे, पण ऑर्डर नाही. रेसिडेंट कॅज्युअल्टीत अडकलेला, फोन उचलेना. मी लाइन तपासली, बीपी मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरची लेव्हल बघितली, पुढची सिरिंज भरून ठेवली. माझ्या हातातलं तेवढं संपलं. नऊ मिनिटांनी फोन लागला. "वाढवा ना सिस्टर, त्यात विचारायचं काय?" आदल्याच आठवड्यात न विचारता वाढवला म्हणून माझ्या मैत्रिणीला मेमो मिळाला होता!

रॉबर्ट करासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच हे मांडलंय: नुसत्या कामाच्या बोज्याने माणूस तेवढा खचत नाही, बोजा भरपूर आणि निर्णय मात्र दुसऱ्याच्या हातात, अशी गाठ पडली की खचतो. आम्ही म्हणतो, जबाबदारी आपली, सही दुसऱ्याची.

आता मी ज्या हॉस्पिटलमध्ये आहे तिथेही अलार्म तेवढेच वाजतात. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स हवी, पण रात्री रिलीव्हर आली नाही की दोन बघावेच लागतात. पगाराचं तर बोलूच नका. पण इथे लेखी प्रोटोकॉल आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत डोस मी वाढवते, चार्टवर वेळ घालून सही करते आणि मग डॉक्टरांना कळवते. राउंडला पेशंटबद्दल पहिल्यांदा बेडपाशी असलेली सिस्टर बोलते. नाइट करून घरी आले की झोप लागते. नवरा म्हणतो, घोरतेस.

आम्हाला डॉक्टर व्हायचं नाहीये. आणि नवख्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी असा अधिकार दिला तर तीच घाबरेल. माझेही पहिले काही महिने सीनियर सिस्टरच्या मागे मागे फिरण्यात गेले.

बहिणीला सांगा, जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रोटोकॉलची फाइल कुठे असते ते विचार. बेडपाशी किंवा नर्सिंग स्टेशनवर, पानं हाताळून मळलेली असेल तर बिनधास्त राहा म्हणावं. मेट्रनच्या कपाटात कुलपात असेल आणि इन्स्पेक्शनपुरतीच बाहेर निघत असेल, तर अनुभवाचं वर्ष भरलं की दुसरीकडे अर्ज टाकायला सांगा.