"मुलगी मला बूमर म्हणते!"

"मुलगी मला बूमर म्हणते" ही तक्रार हल्ली साठीच्या पालकांकडून सारखी कानावर येते. मुलांचीही तशीच: "काहीही बोललं की, तुमची जेन झी!" बूमर म्हणजे साठीच्या आसपासची पिढी, जेन झी म्हणजे साधारण 1997 नंतर जन्मलेली. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या अशाच एका घराची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील 1961 चे, मुलगी 1999 ची. तिने नोकरी सोडली आणि ठिणगी पडली. "तुमच्या पिढीला टिकून राहणं माहीतच नाही," वडील म्हणाले. "ओके बूमर," मुलगी म्हणाली. तेव्हापासून अबोला.

"शब्द इतका का लागला?" मी वडिलांना विचारलं.

"बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात आम्ही. मला काही आयतं मिळालं नाही."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. बूमर ही अमेरिकेतली वर्गवारी, 1946 ते 1964 मध्ये जन्मलेल्यांची. स्वस्तात घरं, पक्क्या नोकऱ्या मिळवल्या आणि वर आम्हालाच उपदेश करता, हा तिथल्या तरुणांचा राग त्या शब्दात आहे. या वडिलांचा त्याच्याशी संबंध जन्मसालापुरता. पण शिक्का झोंबतो तो आणखी एका कारणाने. तुमचं म्हणणं ऐकायची गरजच नाही, असं तो परस्पर ठरवून टाकतो. मुलीच्या बाबतीतही नेमकं हेच झालं होतं.

"ती कामावरून किती वाजता यायची?" मी विचारलं.

"साडेअकरा. कधी बारा."

"दार कोण उघडायचं?"

"मीच."

"असं किती दिवस?"

"दीड वर्ष." ते थांबले. "म्हणजे... टिकली होती की."

मुलीने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. मग खरं कारण बाहेर आलं: फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर, आणि वडिलांना हप्त्यांची धास्ती. पुढच्या भेटीला दोघं हप्ता किती, शिल्लक किती महिने पुरेल, हा हिशेब मांडूनच आली.

नावं ठेवायची तर कृतीला ठेवा, माणसाला नको, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आग्रह मला घरच्या भांडणांत सर्वांत उपयोगी पडतो. मनात आलेलं वाक्य कागदावर लिहा आणि त्यातला पिढीचा शब्द खोडा. त्या जागी काय घडलं, कधी घडलं आणि तुम्हाला काय हवं, ते लिहा. "तुम्ही बूमर" याचं मग "मी फोनवर असताना मध्येच सल्ला देऊ नका, नंतर मीच विचारेन" असं होतं. खोडल्यावर लिहायला काहीच सुचलं नाही, तर राग ओसरेपर्यंत थांबा.

शिक्का तुमच्यावर बसला, तर एवढंच विचारा: "नेमकं कशावरून म्हणतेस?" तेही दोघंच असताना. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा टोमण्याच्या सुरात विचारलंत, तर समोरून दुसरा शिक्का येतो. "मला असं कुणी म्हणताच कामा नये" हा हट्टही सोडावा लागतो. शब्द आवडला नाही, हे ठीक. त्याने आपली किंमत कमी झाली, असं मानायचं कारण नाही. आणि विचारायचं ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. उशीर झाला की प्रसंग विसरला जातो आणि "तुम्ही नेहमीच असे" हे उत्तर मिळतं.